लाल मातीतली पेनल्टी

माणसं प्रवासाला निघतात ती काहीतरी बघायला. मी निघालो होतो तोंड लपवायला, आणि त्यासाठी नेमका तोच मुलूख निवडला जिथे माझं तोंड घराघरांत पोचलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आधी मागचं थोडं सांगायला हवं. माझा धंदा फुटबॉलचा. गोव्यातल्या एका क्लबकडून बारा वर्षं मी पुढच्या फळीत खेळतोय. म्हणजे बाकीचे दहा जण घाम गाळून चेंडू पुढे आणतात आणि शेवटी तो वाया घालवायचं काम माझ्याकडे असतं. देशाच्या संघातही होतो. आठ देश फिरलोय असं सांगितलं की लोक डोळे मोठे करतात. प्रत्यक्षात मी त्या आठ देशांचे विमानतळ, हॉटेलातली जेवणघरं आणि गवत एवढंच पाहिलंय. गवताबद्दल विचाराल तर तासभर बोलू शकेन.

माझं सगळं लहानपण सांगलीजवळच्या माधवनगरात गेलं, पण त्या बाजूला मला कोणी ओळखत नसे. तिकडे खेळ म्हणजे कुस्ती. मग गेल्या हिवाळ्यात परदेशातला आमचा एक सामना दूरदर्शनने थेट दाखवला, आणि शेवटच्या पाच मिनिटांत आम्हाला पेनल्टी मिळाली. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बारा पावलांवर चेंडू ठेवतात, समोर एकटा गोलकीपर, आणि गोल एवढा रुंद की त्यातून उसाची भरलेली बैलगाडी आरामात जाईल. मी चेंडू गोलच्या वरून मारला. तोही थोडाथोडका वरून नाही. तो प्रेक्षकांत गेला आणि परत आलाच नाही. आमचा संघ त्या दिवशी स्पर्धेबाहेर पडला आणि मी सातारा-सांगलीत प्रसिद्ध झालो.

त्यानंतर क्लबसाठी दोनदा पेनल्टी मारली, दोन्ही वाया गेल्या. तिसऱ्या वेळी पिंडरीत गोळा आल्याचं सोंग करून मी मैदानात आडवा झालो. ट्रेनर पिंडरी चोळता चोळता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला फार लाज वाटली.

मार्च संपता संपता देशाच्या संघाच्या शिबिराचं पत्र आलं. येणार की नाही ते शनिवारपर्यंत तारेने कळवा. खाली कोचने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती: आलास तर पेनल्टी तूच मारायच्या. मला एकतिसावं सरत होतं. आता नाही म्हटलं तर पुन्हा पत्र येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. नाहीच म्हणायचं असं जवळजवळ ठरवलंही होतं, फक्त तेवढी तार करायचा धीर होईना. त्याच आठवड्यात तासगावच्या अंगाच्या एका गावाचं जत्रेचं आमंत्रण आलं, प्रमुख पाहुणे म्हणून. कुस्तीचं गाव, तिथे फुटबॉल कोणाला कळणार, असा विचार करून मी बॅग भरली. बॅगेत पत्र टाकलं आणि सवयीने एक चेंडूही टाकला.

मंगळवार : वाई

पुण्याहून वाईला उतरलो ते गोखले सरांसाठी. माधवनगरच्या शाळेत त्यांनी आम्हाला कवायत शिकवली, आणि माझ्या पायात काहीतरी आहे असं पहिल्यांदा तेच म्हणाले. निवृत्त होऊन ते वाईला आपल्या घरी राहायला आलेत. सत्तरी ओलांडली, पण पाठ अजून फळ्यासारखी सरळ.

"ये अशोक. आधी पाणी घे," ते म्हणाले. मी पाणी घेतलं. "आता सांग, वर का मारलास?"

मी वारा होता असं सांगितलं. सर म्हणाले, "वारा झेंड्याला नव्हता. मी टीव्हीवर झेंडा बघत होतो." मग त्यांनी खडू घेतला, पायात चपला सरकवल्या आणि मला चेंडूसह कृष्णेच्या घाटावर नेलं. तिथल्या एका सपाट दगडी भिंतीवर त्यांनी गुडघ्याएवढ्या उंचीवर एक चौकोन काढला. म्हणाले, ह्यात मार.

दुपार टळली होती. चैत्रातली कृष्णा, पाणी कमी आणि संथ. पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या, देवळात घंटा वाजत होती, आणि एक गुरुजी गुडघाभर पाण्यात उभे राहून अर्घ्य देत होते. एवढ्या शांततेत आंतरराष्ट्रीय खेळाडूला चौकोन सापडायला काय हरकत होती? मी पाच पावलं मागे गेलो आणि चेंडू मारला. तो चौकोनाच्या वीतभर वर एका बाहेर आलेल्या दगडाला लागला, उलटा उसळला आणि थेट नदीकडे गेला. गुरुजींनी तांब्या सोडला आणि दोन्ही हातांनी चेंडू छातीशी धरला. इतका स्वच्छ झेल मी मोठमोठ्या गोलकीपरांच्या हातीही क्वचित पाहिलाय.

"चामड्याचा आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही, रेक्झिनचा आहे," मी म्हणालो.

"मग ठीक," असं म्हणून त्यांनी तो माझ्याकडे टाकला, आणि निरखून बघत म्हणाले, "टीव्हीवरचे तुम्हीच ना?"

मी मान डोलावली. आमचं घराणं छप्पन साली धम्मात आलं. माझ्या आज्याच्या काळात त्या घाटावर चेंडूचा नाही, माझाच प्रश्न आला असता. आता फक्त पेनल्टीचा प्रश्न होता, आणि तेवढ्यावर मला पुष्कळ बरं वाटायला हवं होतं. पण बरं काही वाटलं नाही. सरांनी खडू खिशात ठेवला आणि परतताना एवढंच म्हणाले की मारण्याआधी मी डोळे मिटतो. मी मिटत नाही, असं मी सांगितलं. मला खरंतर माहीत नव्हतं.

बुधवार : मेढा

गोव्यात सामना हरलात तर लोक आधी शिव्या देतात आणि मग मासळीचं ताट समोर ठेवतात. सातारा जिल्ह्यात शिव्या कोणी देत नाही. इथे सल्ला देतात, आणि सल्ल्याबरोबर चहा. चहापेक्षा सल्ला जास्त गोड असतो, आणि दोन्हींना नाही म्हणता येत नाही.

साताऱ्याहून मेढ्याच्या गाडीत कंडक्टरने तिकीट फाडता फाडता मला ओळखलं. म्हणाला, "सायेब, चेंडूकडं बघायचं न्हाई. गोलकीपरच्या डोळ्यात बघायचं." पुढून ड्रायव्हर ओरडला, "डोळ्यात बघिटलं म्हणूनच वर गेला त्यो. जमिनीकडं बघायचं!" मग गाडीत दोन तट पडले. माझ्या शेजारची म्हातारी कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती. तिने दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "कुटं लागलंय का तुला?" मी नाही म्हणालो. वळणा-वळणाला चढण वाढत गेली आणि मेढा येईपर्यंत हा वाद काही मिटला नाही.

मेढ्यापासून तासभर चढून गेलं की आमची वस्ती लागते. माझा बाप इथूनच माधवनगरच्या मिलमध्ये गेला. आता तिथे आमची सखुआत्या तेवढी उरलीय. तिच्या घरामागे उताराची शेतं, एकाखाली एक, पायऱ्यांसारखी. वस्तीवर टीव्ही एकच, विहारात, मुंबईला नोकरीला असलेल्या पोरांनी दिलेला. सामन्याच्या दिवशी अख्खी वस्ती त्याच्यासमोर बसली होती, असं आत्याने मला मी बूट काढायच्या आतच सांगितलं.

जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं आणि सुकटीची चटणी. शिबिरात आम्हाला उकडलेली कोंबडी मोजून देतात. इथे आत्या भाकरी मोजत नव्हती आणि मलाही मोजू देत नव्हती. चौथ्या भाकरीला तिने विषय काढला.

"आमाला मास्तरनी समजावून सांगटलं," ती म्हणाली. "त्यांच्या गड्यानं गुन्हा केला, म्हणून त्यांना शिक्षा झाली. व्हय न्हवं?"

"व्हय."

"मंग शिक्षा त्यांना, आन् तोंड तुजं का उतरलंय?"

मी तिला समजावू लागलो. गोल झाला असता, देश जिंकला असता, करोडो लोक बघत होते, वगैरे. ती ऐकत होती. माझं झाल्यावर तिने विचारलं, आता पुढे काय. मग मी तिला पत्राचं सांगितलं, आणि बोलण्याच्या ओघात पिंडरीच्या सोंगाचंही सांगून बसलो. आत्याने भाकरीचं भांडं झाकून ठेवलं.

"जमत नसंल तर नगं जाऊ. मी काय बोलायची न्हाई," ती म्हणाली. "पर पाय दुखतोय म्हणून खोटं पडून ऱ्हायचं, असलं करू नगंस. तुजा बाप तापात सुदिक मिलात जायाचा."

हात धुऊन मी मागच्या शेतात गेलो आणि काहीतरी करायचं म्हणून चेंडूला लाथ घातली. डोंगरात हे करू नये. चेंडू पहिल्या शेतातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा उड्या मारत खाली गेला. मी त्याच्या मागे उतरत राहिलो आणि कुठल्यातरी बांधावरून सरकून पार्श्वभागावर आपटलो. खालच्या अंगाला म्हशी राखणाऱ्या एका म्हाताऱ्याने चेंडू पकडून ठेवला होता. काही न विचारता आणि कुठलाही सल्ला न देता चेंडू परत करणारा हा या प्रवासातला एकमेव माणूस. परत वर यायला मला पाऊण तास लागला.

गुरुवार : माधवनगर

माधवनगरात उतरलं की पहिल्यांदा आवाज येतो. गल्लीगल्लीत यंत्रमाग चालू असतात, आणि बोलायचं तर समोरच्याच्या कानाशी जावं लागतं. आमच्या लहानपणी हा आवाज मिलच्या भिंतीआड होता. आता मिलची चिमणी गप्प आहे आणि आवाज घराघरांत वाटला गेलाय. ज्या मैदानावर आम्ही खेळलो तिथे बांबूंवर रंगवलेलं सूत वाळत होतं, हिरवं आणि जांभळं.

दस्तगीर तिथेच एका शेडमध्ये जॉबर आहे. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. तो आणि मी मिलच्या एकाच चाळीत वाढलो. मिलच्या पोरांच्या संघात मी पुढे आणि तो गोलात. गोव्याच्या क्लबने चाचणीला बोलावलं ते आम्हा दोघांना. त्या आठवड्यात त्याचा बाप अंथरुणाला खिळला आणि तो गेला नाही. मी गेलो. तो माझ्यापेक्षा चांगला खेळाडू होता. हे मी नम्रपणाने लिहीत नाही, ज्यांनी आम्हाला बघितलं ते सगळे हेच सांगतील.

मला बघून त्याने हातातला पाना ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, "अशक्या, लय जाड झालास."

चहाला आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो. टपरीच्या फळीवर एक गुलाबी हँडबिल चिकटवलं होतं. जत्रेच्या कुस्त्यांचं. ज्यांनी असं हँडबिल पाहिलं नाही त्यांना सांगतो, त्यात कुस्त्यांच्या जोड्या छापलेल्या असतात, अमुक तालमीचा तमुक पैलवान विरुद्ध दुसऱ्या तालमीचा कोणी. मी सहज वाचत खाली आलो. अगदी तळाशी, जाड अक्षरांत: 'खास आकर्षण. टीव्हीवर गाजलेले फुटबॉल पैलवान अशोकराव विरुद्ध माधवनगरचे दस्तगीर. निकाली.'

"हे काय रं?" मी विचारलं. माझा आवाज मागाच्या आवाजावर गेला असावा, कारण टपरीवाल्याने वळून बघितलं.

दस्तगीर बशीत चहा ओतत होता. "कमिटीचे आबा हायेत. त्येंनी इच्यारलं, पेनल्टी म्हंजी काय असतंय. मी म्हणलं, दोन गडी समोरासमोर, एकानं मारायचं, एकानं आडवायचं. तर म्हणले, मंग ही जोडच की."

"आणि तू हो म्हणालास?"

"मला कोण इच्यारतंय? छापून आल्यावर कळलं." तो चहा प्यायला. "आन् निकाली म्हंजी ठाव हाय न्हवं? बरोबरीत सोडत न्हाईत."

मी त्याला पत्र दाखवलं. म्हणालो, मी खेळणं सोडणार आहे, उद्या मला सगळ्या गावासमोर उघडं पाडू नका. त्याने पत्र दोनदा वाचलं. कोचची खालची ओळ बोटाने परत वाचली.

"तार शनवारी करायची हाय न्हवं? मंग उद्या शुक्रवार हाय," तो म्हणाला, आणि उठून मागाकडे गेला.

त्याच्या घरी त्या दिवशी ज्वारीची भाकरी आणि मटणाचा तांबडा रस्सा होता. एरवी मी तीन वाट्या प्यालो असतो. दीडच प्यालो, आणि त्याच्या बायकोने पोट बिघडलंय का असं विचारलं.

शुक्रवार : जत्रेचं गाव

गावाचं नाव सांगत नाही. तासगावच्या बाजूला दोन्हीकडे द्राक्षबागा आणि बेदाणा वाळवायच्या शेड असलेलं कुठलंही गाव धरा. उन्हाचा कडाका, हलगीचा कडकडाट, आणि गावाबाहेरच्या खोलगट रानात मध्ये आखाडा. माणसं चारी बाजूंच्या उतारावर बसलेली. माझ्या क्लबच्या सामन्यांना एवढी गर्दी येत नाही.

कमिटीचे आबा स्वतः जुने पैलवान. कान फुटलेले, मान खांद्यात गेलेली, डोक्याला गुलाबी फेटा. त्यांनी मला व्यासपीठावर बसवलं, नारळ दिला आणि कानात म्हणाले, "तुमची जोड शेवटाला. दमानं घ्या."

दोन तास मी कुस्त्या बघितल्या आणि मला एकही दिसली नाही. शेवटी भोंग्यावर माझं नाव आलं. मी बूट घालून आखाड्याच्या कडेला गेलो तर आबांनी हात आडवा धरला.

"आवं, पायताण काढा. लाल मातीत पायताण घालून कोन उतरत न्हाई."

"पण आबा, बूट असल्याशिवाय…"

"तुमी मोटं असाल. माती त्यापरीस मोटी हाय."

परदेशातून आणलेले माझे बूट एका जिलेबीवाल्याच्या ओट्याखाली ठेवण्यात आले. मी अनवाणी मातीत उतरलो. ताक, हळद आणि तेल घालून घोळलेली माती ती. पाय घोट्यापर्यंत रुतले. चेंडू ठेवला तर तोही अर्धा खाली गेला. मग दोन पंचांनी ओंजळीने माती थापून त्याला चौथरा करून दिला. गोल म्हणजे मांडवाचे दोन बांबू आणि वर बांधलेला कासरा. त्यात दस्तगीर उभा होता, कामाच्या पँटवर, कमरेला टॉवेल आवळून. आम्हाला मातीची सलामी घ्यायला लावली. हात मिळवायला लावले. त्याचा हात गार होता, हे मला आठवतंय.

मग हलगी अशी वाजू लागली की डोक्यात विचाराला जागाच राहिली नाही. मी धावलो आणि मारलं. पायाला चेंडू लागल्याचं कळलं, एवढंच. दस्तगीर डावीकडे झेपावला. चेंडू उजव्या बांबूच्या आतून जमिनीलगत गेला आणि मागच्या पाण्याच्या टँकरवर जाऊन दणकला.

गोल झाला. चार महिन्यांनी गोल झाला. मी हात वर केले. पण टाळ्या आल्या नाहीत. उताराच्या एका बाजूने कोणीतरी ओरडलं, "नुरा!" आणि बघता बघता सगळं रान तेच ओरडू लागलं.

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली दिखाऊ कुस्ती. कुस्तीच्या गावात याइतकी वाईट शिवी दुसरी नाही. लोकांचा हिशोब सरळ होता. दोघं एका चाळीतले, म्हणजे एका तालमीचे. एका तालमीचे पैलवान एकमेकांशी खरं लढत नाहीत. शिवाय टीव्हीवर ज्याला जमलं नाही त्याला इथे एका झटक्यात कसं जमलं? आबा आखाड्यात आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दस्तगीरकडे बघितलं आणि हात उंचावला. "जोड परत लागंल. आन् ह्या खेपंला खरी लागंल."

मला लोकांचा राग आला नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. दस्तगीरने मला गोल भीक म्हणून घातला, आणि मी मूर्खासारखे हात वर केले. मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "माझ्यावर उपकार करू नकोस. पुन्हा असं केलंस तर तोंड बघणार नाही तुझं." तो काहीतरी बोलत होता, पण हलगीत ऐकू आलं नाही.

दुसऱ्यांदा मी रागाने मारलं. होता नव्हता तेवढा जोर लावून मारलं. चेंडू सरळ त्याच्या छातीवर गेला. त्याने तो दोन्ही हातांनी कवटाळला आणि तो उताणा मातीत पडला. आता मात्र रान उसळलं. एक म्हातारा काठी आपटून सांगत होता की दस्तगीरची पाठ टेकली, म्हणजे पाहुणा जिंकला, पण त्याला लोकांनी खाली बसवलं. दस्तगीरला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, हलगी त्याच्या पुढे नाचली. त्याचं तोंड मात्र बाजारातून चुकीचं सामान आणल्याबद्दल बायकोने झापल्यासारखं दिसत होतं.

मी आखाड्याबाहेर आलो. त्या दिवशी हरलेले पैलवान एका रांगेत मांडवाच्या सावलीत बसून जिलेबी खात होते. त्यांनी सरकून मला जागा दिली. शेजारच्याचा ओठ फुटला होता, जिलेबी तो एका बाजूने चावत होता.

"परवाच्याला मी पलूसकडच्या जत्रंत हाय," तो म्हणाला. "तुमची फुडची कुटं?"

त्याने माझ्या हातात जिलेबी ठेवली आणि पुन्हा खाऊ लागला.

शनिवार : सांगली

सकाळी दस्तगीरने मला लुनावर बसवून सांगलीच्या तारघराकडे नेलं. हळदीच्या पेठेतून जाताना मला शिंका येत होत्या, आणि त्या शिंकांमध्ये मी त्याला माझा निर्णय सांगितला. येत नाही म्हणून तार करणार. जो गोल झाला तो त्याने दिलेला होता, आणि जो त्याने दिला नाही तो मला करता आला नाही. आता ह्यात विचार करण्यासारखं काय राहिलं?

त्याने लुना रस्त्याच्या कडेला थांबवली. एका भडंगवाल्याच्या दुकानासमोर, भर वर्दळीत.

"पयला मी सोडला असं वाटतंय तुला?"

"सगळ्या गावाला वाटतंय."

"गावाला काय कळतंय? गोलात मी हुतो का गाव हुतं?" तो चिडला होता. इतका चिडलेला मी त्याला चाळ सोडल्यापासून पाहिला नव्हता. "तू पाय टाकलास डावीकडं. मी गेलो डावीकडं. चेंडू गेला उजवीकडं. फसवलंस तू मला. हेच काल सांगत हुतो, तर ऐकून घ्यायला तयार न्हाईस."

"आणि दुसरा?"

त्याने नजर भडंगवाल्याकडे वळवली.

"दुसरा सोडणार हुतो," तो म्हणाला. "खरा गोल मारल्यावर लोकं नुरा नुरा करत्यात, मला बघवंना. म्हणलं, आता जरा उशिरा पडू, हात लावून आत जाऊ देऊ, कुणाला कळनार न्हाई. पर तू सरळ माज्या छातीतच मारलास. मला पडाय येळ तर द्यायचास रं."

त्याने शर्टाची बटणं सोडली. छातीच्या मधोमध पेढ्याएवढा काळानिळा डाग होता.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. डागामुळे नाही, तो दुसऱ्या चेंडूचा होता, पहिल्याला पुरावा काहीच नव्हता. पण दस्तगीरला मी लहानपणापासून ओळखतो. अंगावर गोल झाला की तो बचाव करणाऱ्या बॅकला शिव्या द्यायचा, उन्हाला द्यायचा, मैदानातल्या खड्ड्याला द्यायचा. आपण फसलो असं त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही त्याने सांगलीच्या भर रस्त्यात सांगितलं. मला रडू आलं. हळदीमुळे येतंय असं मी सांगितलं, आणि त्याने ते मानल्यासारखं केलं.

तारघरात जाळीमागे चष्मा लावलेले एक कारकून होते. मी फॉर्मवर लिहिलं: 'येतो आहे. पेनल्टी मीच मारणार.' खाली नाव.

त्यांनी मजकूर वाचला, नाव वाचलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच का ते?"

"हो."

ते सज्जन गृहस्थ होते. आवाज खाली आणून, शेजारच्या खिडकीला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "मग ते दुसरं वाक्य काढून टाकू का?"

माझ्या खांद्यावरून दस्तगीरचा तेलकट हात पुढे आला आणि त्याने फॉर्म जाळीच्या आत सरकवला.

"ऱ्हाऊ द्या सायेब," तो म्हणाला. "मला घातलाय त्यानं गोल."

कारकुनांनी शिक्का मारला.